लिनक्स बूट डिस्कचे सानुकूलन

लिनक्स वितरणाने पुरवलेल्या बूट डिस्कमध्ये विशिष्ट नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि प्रतिष्ठापनाच्या प्रश्नांची उत्तरे देणारी संचिका अंतर्भूत करून, माणसाने कळफलकाला हात न लावता नेटवर्कवरून लिनक्स बसवणारी डिस्क तयार करण्याच्या प्रक्रियेस लिनक्स बूट डिस्कचे सानुकूलन असे म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे काम प्रामुख्याने फ्लॉपीवर केले जात असे. पुढे फ्लॉपी गेली. मूळ अडचण मात्र टिकून राहिली.

पार्श्वभूमी

नेटवर्कवरून प्रतिष्ठापन करताना सर्व पॅकेजेस सर्व्हरवर असतात. तेथे पोहोचण्यासाठी संगणकाला आपल्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच ठाऊक असावा लागतो. तो ड्रायव्हर सर्व्हरवरच ठेवला असेल, तर कुलूपबंद पेटीतच किल्ली राहिल्यासारखी स्थिती होते. त्यामुळे ड्रायव्हर बूट डिस्कमध्येच असणे अपरिहार्य ठरते.

वितरणाची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर बाजारात आलेल्या कार्डांचे ड्रायव्हर अर्थातच त्या आवृत्तीच्या डिस्कवर नसत. मुंबईत लॅमिंग्टन रोड या जुन्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या डॉ. भडकमकर मार्गावरील दुकानांतून सुटे भाग जुळवून घेतलेल्या संगणकांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवे. कारण एकाच प्रयोगशाळेसाठी दोन खेपांत घेतलेल्या मदरबोर्डांवर निरनिराळ्या नेटवर्क चिप असू शकत.

प्रतिमेची रचना

रेड हॅट लिनक्सच्या ७ मालिकेत नेटवर्क प्रतिष्ठापनासाठी ‘बूटनेट’ या नावाची स्वतंत्र फ्लॉपी-प्रतिमा दिली जाई. तिची क्षमता १४,७४,५६० बाइट. तिच्यावर फॅट संचिका प्रणाली, सिसलिनक्स हा बूटलोडर, कर्नल आणि ‘इनिटआरडी’ ही सुरुवातीच्या तात्पुरत्या डिस्कची संकुचित प्रतिमा असे. इनिटआरडीच्या आत ड्रायव्हर मॉड्यूलांचा आणखी एक संकुचित सीपीआयओ संग्रह असे. म्हणजे ड्रायव्हरपर्यंत पोहोचण्यासाठी एकात एक ठेवलेले तीन डबे उघडावे लागत आणि नंतर त्याच क्रमाने उलट बंद करावे लागत.

केवळ मॉड्यूल आत टाकून भागत नसे. कोणत्या पीसीआय क्रमांकाच्या कार्डासाठी कोणते मॉड्यूल वापरायचे, हे ‘पीसीआयटेबल’ या तक्त्यात नोंदवावे लागे. उदाहरणार्थ, इंटेल कंपनीचा उत्पादक क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ असा आहे. त्याच्या जोडीला चिपचा स्वतंत्र क्रमांक येतो. मॉड्यूलचा प्रकार आणि वर्णन दुसऱ्या संचिकेत, तर त्याचे इतर मॉड्यूलांवरील अवलंबित्व तिसऱ्या संचिकेत लिहावे लागे. काही इथरनेट ड्रायव्हरांना आधी ‘एमआयआय’ हे साहाय्यक मॉड्यूल लागते. ती नोंद राहिली, की ड्रायव्हर डिस्कवर असूनही चढत नसे.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक मात्र कर्नलच्या आवृत्तीची असे. बूट डिस्कवरील कर्नल हा प्रतिष्ठापनानंतर चालणाऱ्या कर्नलपेक्षा वेगळा, जागा वाचवण्यासाठी छाटलेला असे आणि त्याच्या आवृत्तीच्या नावापुढे ‘बूट’ हा शब्द जोडलेला असे. चालू संगणकावर बांधलेले मॉड्यूल तो स्वीकारत नसे. मॉड्यूल नेमक्या त्याच कर्नलच्या स्रोतासह व संरचनेसह बांधावे लागे. पडद्यावर फक्त कार्ड सापडले नाही एवढेच दिसे. खरे कारण ऑल्ट व एफ४ दाबल्यावर उघडणाऱ्या कर्नल-संदेशांच्या पडद्यावर मिळे.

नवा ड्रायव्हर बसवण्यासाठी जागा करणे हाही कामाचा भाग होता. आपल्याकडे नसलेल्या टोकन रिंग किंवा जुन्या आयएसए कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

उत्तरांची संचिका

रेड हॅटच्या पद्धतीला किकस्टार्ट, डेबियनच्या पद्धतीला प्रीसीड आणि सुसेच्या पद्धतीला ऑटोयास्ट अशी नावे आहेत. भाषा, विभाजने, पॅकेजेस, मूळ वापरकर्त्याचा संकेतशब्द इत्यादींची उत्तरे या संचिकेत असतात. ती फ्लॉपीवर किंवा सर्व्हरवर ठेवता येते.

किकस्टार्टमधील सर्व विभाजने पुसण्याची आज्ञा विनाविचारणा अंमलात येते. अशी डिस्क यंत्रात विसरली आणि संगणक पुन्हा सुरू झाला, तर त्यावरील सर्व माहिती नष्ट होते. म्हणून बूटलोडरचा मूळ पर्याय स्थानिक डिस्कवरून सुरू होण्याचा ठेवून, प्रतिष्ठापनासाठी वेगळा शब्द टंकावा लागेल अशी व्यवस्था करणे श्रेयस्कर. त्यात स्वयंचलनाचा थोडा त्याग असला तरी तो परवडतो. सर्व्हरवरील उत्तर-संचिका नेटवर्कवरील कोणालाही वाचता येऊ शकत असल्याने तीत संकेतशब्द उघड लिहू नये.

फ्लॉपीनंतर

२.६ मालिकेतील कर्नल आकाराने वाढला आणि फेडोरा कोअर २ पासून बूट फ्लॉपी देणे बंद झाले. डेबियनच्या २००५ मधील ‘सार्ज’ आवृत्तीत फ्लॉपी होत्या, परंतु नेटवर्क ड्रायव्हरांसाठी स्वतंत्र फ्लॉपी द्यावी लागली.

दरम्यान इंटेलने पुरस्कारलेल्या पीएक्सई या मानकाची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये आली होती. यात कार्डावरील रॉममधील संहिताच कर्नल आणि इनिटआरडी सर्व्हरवरून आणते. पुण्यातील कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा लिनक्सवर चालणारा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप५०० यादीत चौथा होता. त्यात १४,२४० प्रोसेसर गाभे होते. असे संगणक ज्या ब्लेड सर्व्हरांचे बनतात त्यांना फ्लॉपी ड्राइव्हच नसतो आणि त्यांची संख्या पाहता एकेकापाशी जाऊन प्रतिष्ठापन करणेही व्यवहार्य नसते.

तथापि पीएक्सईने बूट झालेल्या कर्नलला रॉममधील ड्रायव्हरचा उपयोग होत नाही. त्याला स्वतःचाच ड्रायव्हर लागतो. यामुळे नेटवर्कवरूनच सुरू झालेला प्रतिष्ठापक काही क्षणांत नेटवर्क कार्ड नाही अशी तक्रार करतो, हा नवख्यांना चक्रावणारा प्रकार घडतो. एकाहून अधिक कार्डे असतील, तर ज्या कार्डावरून बूट झाले त्याचा पत्ता पीएक्सईलिनक्स कर्नलला कळवू शकतो.

२.६ पासून आलेल्या इनिटरॅमएफएस पद्धतीत सीपीआयओ संग्रह एकापुढे एक जोडता येतात. त्यामुळे मूळ प्रतिमा न उघडता ड्रायव्हरचा संग्रह तिच्या शेपटाला लावता येतो. रेड हॅटच्या अलीकडील प्रतिष्ठापकात ‘ओईएमडीआरव्ही’ हे लेबल असलेली ड्रायव्हर डिस्क आपोआप ओळखली जाते. काही कार्डांना ड्रायव्हरशिवाय वेगळे फर्मवेअरही लागते. मुक्त नसलेले फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतिमांत २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट झाले. तोपर्यंत ते वापरकर्त्यालाच घालावे लागे. सिक्युअर बूट सुरू असलेल्या संगणकांवर स्वतः बांधलेल्या मॉड्यूलवर मान्य किल्लीने स्वाक्षरी करावी लागते, अन्यथा सामान्यतः कर्नल ते नाकारतो.