तिकिटाचा पैसा आणि खेळाचे भले

2 मे 2015 रोजी लास व्हेगास येथे फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांचे मुष्टियुद्ध झाले. दूरचित्रवाणीवर ते पाहण्यासाठी अमेरिकेत 46 लाख ठिकाणी स्वतंत्र दाम मोजण्यात आले. एकेका ठिकाणाहून सुमारे 100 डॉलर, आणि एकूण रक्कम 40 कोटी डॉलरांच्या वर. एका रात्रीच्या एका लढतीसाठी घरबसल्या प्रेक्षकांनी तोवर इतके द्रव्य कधी दिले नव्हते. या आकड्यांबरोबर एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. अशा प्रचंड विक्रीने मुष्टियुद्धाचे भले होते, की केवळ त्या दोन योद्ध्यांचे आणि लढत भरविणाऱ्यांचे?

प्रश्न अमेरिकेतला असला तरी त्याचे उत्तर शोधावयास तितके दूर जाण्याचे कारण नाही. जुन्या इंदूरच्या इतिहासात ते सापडते. तेथील खेळ निराळा, क्रिकेटचा. परंतु खेळ आणि पैसा यांचे नाते तेच आहे.

1923 साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडू यांना इंदुरास बोलाविले आणि आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. पुढे 1932 साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व करणारे नायडू ते हेच. या घटनेतील मर्म असे की, त्यांना एखाद्या सामन्यापुरते बोलाविलेले नव्हते. ते इंदूरचे रहिवासी झाले आणि 1967 साली त्यांचे देहावसानही इंदुरातच झाले. शहरातील मुले त्यांना रोज सराव करताना पाहू शकत होती. अशा मुलांतीलच एक मुश्ताक अली. 1936 साली मँचेस्टर येथे त्यांनी 112 धावा काढल्या. परदेशात कसोटी शतक झळकाविणारे ते पहिले भारतीय होत.

यशवंतराव होळकरांच्या काळात या रोपाचा वृक्ष झाला. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे अशी मंडळी होळकर संघात आली. 1944–45 ते 1954–55 या अकरा वर्षांत हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. 1946 साली इंदुरात म्हैसूरविरुद्ध त्याने 8 बाद 912 धावांचा डोंगर रचला; त्या एका डावात सहा शतके होती.

याच संघाच्या इतिहासात पैशाचे दुसरे रूपही दिसते. युद्धकाळात इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन इंदुराजवळ महू येथील छावणीत होता, आणि मार्च 1945 मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो होळकरांकडून खेळला. विजयासाठी 867 धावा हव्या होत्या. कॉम्प्टनने पुढे सांगितलेली हकीकत अशी की, एका धनिक व्यापाऱ्याने त्याला शतकापुढील प्रत्येक धावेमागे रुपये देण्याचे कबूल केले. कॉम्प्टन 249 धावांवर नाबाद राहिला. होळकर संघ मात्र 374 धावांनी हरला. खेळ आटोपून तो परतला तेव्हा व्यापारी नव्हता, त्याची चिठ्ठी होती. तातडीच्या कामासाठी त्याला कलकत्त्यास जावे लागले होते!

हकीकत गमतीची खरी, पण बोधप्रद आहे. व्यापाऱ्याचा पैसा धावांवर लावलेला होता. सामना संपताच तोही संपला. दरबारचा पैसा माणसावर लावलेला होता. तो पुढची तीस वर्षे फळत राहिला.

म्हणून राजाश्रय हाच उत्तम, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. राजाश्रयाचा दोष हा की, तो एका घराण्याच्या मर्जीवर आणि तिजोरीवर उभा असतो. 1948 साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. संघाने आणखी काही वर्षे तग धरला. 1955 साली इंदुरातच मद्रासकडून झालेल्या पराभवानंतर होळकर हे नाव रणजी करंडकातून लोपले. 1953 नंतर तो करंडक या भूमीत यावयास 2022 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये बंगळूर येथे मध्य प्रदेशाने मुंबईला हरविले, आणि इंदूरच्या रजत पाटीदारने त्यात 122 धावा काढल्या. मधल्या काळात ज्योत विझली नाही याचे श्रेय शिकविणाऱ्यांना आहे. माधवसिंहांचे पुत्र संजय जगदाळे यांच्या हाताखाली इंदुरात घडलेल्या नरेंद्र हिरवाणीने 1988 साली मद्रास येथे पहिल्याच कसोटीत 16 बळी घेतले. राजा गेला, खजिना गेला. विद्या तेवढी मागे राहिली.

आज राजाची जागा प्रेक्षकाने घेतली आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांस विकले गेले. या लोकाश्रयापुढे कोणत्याही संस्थानाचा खजिना फिका पडावा. परंतु येथे दोन बंधने आहेत, ती ध्यानात घेण्याजोगी आहेत. देशातील क्रिकेटचा कारभार एका मंडळाकडे असल्याने त्याच्या उत्पन्नाचा वाटा राज्य संघटनांकडे, म्हणजे मैदाने आणि शिक्षक यांच्याकडे वळविता येतो. शिवाय 2007 च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावेच लागते. त्यामुळे ज्याच्या खिशात दाम नाही तोही दूरदर्शनवर ते सामने पाहू शकतो.

व्यावसायिक मुष्टियुद्धात ही दोन्ही बंधने नाहीत. जगज्जेतेपदे वाटणाऱ्या प्रमुख संस्थाच चार आहेत. एका लढतीचे द्रव्य तालमीपर्यंत पोहोचविणारी मध्यवर्ती यंत्रणा नाही. जीव धोक्यात घालणाऱ्या योद्ध्याला भरघोस मोबदला मिळावा, यात अन्याय काहीच नाही. संस्थानी काळातील खेळाडूला असे स्वातंत्र्य कोठे होते? परंतु शंभर डॉलरांच्या दारापलीकडे जो पोरगा उभा राहतो, तोच उद्याचा योद्धा असतो. त्याने लढत पाहिलीच नाही, आणि त्याच्या तालमीला त्यातला एक पैसाही लाभला नाही, तर विक्रीचा आकडा कितीही फुगला तरी खेळ वाढला असे म्हणता येणार नाही.

पैसा किती आला याने खेळाचे भले ठरत नाही. तो कोठे मुरला याने ठरते. पावसाचे पाणी खडकावरून वाहून गेले तर विहीर कोरडीच राहते. इंदूरच्या मातीत ते काही काळ मुरले, म्हणून ती विहीर अजून आटलेली नाही.