ओळंबा आणि हिमालय

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कर्नल विल्यम लॅम्टन याची कबर आहे. नागपूरकडे निघालेला हा वृद्ध इंग्रज १८२३ साली तेथे वारला. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची एक रेषा पोलादी साखळीने मोजली होती. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले, म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. या साध्या भूमितीच्या आधारे त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्टनमागे ती जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

आणि तेथेच एक अडचण उभी राहिली. मध्य भारतातील कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळील कलियाना ही दोन ठाणी एकमेकांपासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर. त्यांच्या अक्षांशांतील अंतर दोन रीतींनी काढता येत होते: एक त्रिकोणांच्या मापावरून, दुसरी ताऱ्यांच्या वेधावरून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर. एव्हरेस्टने हा मापनातील दोष मानला आणि साऱ्या माळेत थोडाथोडा वाटून टाकला. (जमेना तो हिशेब सगळ्या रकान्यांत पसरून द्यावा, ही युक्ती आम्हां कचेरीतल्या माणसांना अगदीच अपरिचित नाही!)

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना मात्र ते पटले नाही. वेध घेताना उभी रेषा ठरते ती ओळंब्याने; आणि शेजारी हिमालयाएवढे वस्तुमान असेल तर ओळंबाच त्याच्याकडे ओढला जाईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी गणित मांडले, तर फरक १५.८८५ विकला यायला हवा होता! म्हणजे प्रश्न उलटला: फरक पडला का, हा प्रश्न राहिला नाही, तो इतका कमी का पडला, हा उरला. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी सुचविले की, पर्वतांची हलक्या खडकाची मुळे खाली जड थरात बुडालेली असावीत, आणि म्हणून पर्वताची ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरते. हिशेबातील एका तुटीतून माणसाला पृथ्वीच्या पोटात डोकावता आले. ती तूट वाटून टाकून विसरली गेली असती, तर?

एव्हरेस्टने कल्पिलेला पृथ्वीचा आकार भारताच्या भूमीला बेताने बसविलेला होता. त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नाही. उपग्रहांवरून चालणारे आजचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ हा पृथ्वीच्या मध्याला धरलेला आकार वापरतात. त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत निराळे येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसाधारण वापराच्या नकाशांसाठी नवी पद्धत ठरविली. पण दप्तरांतले जुने कागद एव्हरेस्टच्याच आकारावर आखलेले आहेत. त्यांवरील आकडे रूपांतर न करता कोणी भ्रमणध्वनीतील नकाशात भरले, तर खूण कित्येकदा शंभर मीटरांहूनही दूर, दुसऱ्याच कोणाच्या शेतात पडते.