पाव, पान आणि परके ताट

गुलमंडीवर उभे राहून खाण्याचे शब्द नुसते कानांवर पडू द्यावेत. भाकरी आहे, नान आहे, पाव आहे. भाकरी इथल्या मातीची. नान फार्सी, दिल्लीचा तुघलक देवगिरीला राजधानी घेऊन आला (1327) त्या काळापर्यंत या शहराच्या नानखलियाचे मूळ नेऊन भिडवतात. ते सिद्ध करणे अवघड, पण ऐकायला सुरेख. पाव मात्र समुद्रावरून आला आणि त्याचे मूळ निश्चित आहे: पोर्तुगीज ‘पांव’. हाच शब्द त्याच शतकात, त्याच गलबतांतून जपानलाही गेला. जपानीत आजही पावाला ‘पान’ म्हणतात. आपण ज्यावर जेवतो ते पान नव्हे. उच्चारही किंचित आखूड आहे. तरी जपानी भाषेचे एक अक्षरही न येणारा मराठी माणूस तोक्योत एखाद्या बेकरीपुढे उभा राहिला, तर ही एक जिन्नस तो जवळजवळ मातृभाषेत मागू शकतो.

परक्या देशात जेवण मागणे ही प्रवासवर्णनांतली नेहमीची जागा. आपल्याकडे ती बहुधा विनोदाच्या खात्यावर जमा होते. ‘पूर्वरंग’ (1963) वर्गात शिकवताना हे प्रकर्षाने जाणवते: विद्यार्थी हसायच्या तयारीनेच बसलेले असतात. हसावे जरूर, पण या जागेला इतिहास आहे. आणि जपानपुरता तरी त्याचा आरंभ आपल्या गोव्यात होतो.

1547 च्या अखेरीस मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला अंजिरो नावाचा जपानी भेटला. कागोशिमाचा हा मनुष्य हातून खून घडल्यामुळे देश सोडून पळाला होता. त्याला गोव्याला आणले गेले, 1548 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे शिक्षण सुरू झाले. झेवियरला जपानविषयी जे प्रथम कळले त्यातले पुष्कळसे या एका माणसाच्या तोंडून. त्यात खाण्याचाही भाग होता. 1549 च्या जूनमध्ये, जपानच्या वाटेवर असताना, मलाक्क्याहून लिहिलेल्या पत्रात झेवियर सांगतो की, धर्मगुरू मांस किंवा मासे खाताना दिसले तर जपानी लोकांना ते खटकेल. म्हणून आम्ही पथ्यावर राहू, पण कोणाला दुखवणार नाही. ताट पुढे येण्याआधीच पाहुण्याने यजमानाच्या मर्जीप्रमाणे मागणी ठरवून टाकली होती.

ऑगस्टमध्ये तो कागोशिमाला उतरला. नोव्हेंबरात गोव्यातल्या सहकाऱ्यांना धाडलेल्या दीर्घ पत्रात त्याचे निरीक्षण असे: हे लोक पाळलेली जनावरे मारून खात नाहीत, कधी मासे खातात, तांदूळ आणि गहू खातात पण थोडे, भाजीपाला विपुल, काही फळे, आणि तरीही माणसे आश्चर्य वाटावे इतकी निरोगी, म्हातारी माणसेही पुष्कळ. यात तक्रारीचा सूर नाही, हे लक्षात घ्यावे.

अंजिरोने अन्नाबाबत वाट दाखवली, ईश्वराबाबत मात्र घोटाळा झाला. त्याने ख्रिस्ती ईश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. ते शिंगोन बौद्ध पंथातल्या महावैरोचन बुद्धाचे नाव. त्या पंथाच्या भिक्षूंनी पाहुण्यांचे स्वागत केले, कारण हे आपलेच बोलताहेत असे त्यांना वाटले. 1551 मध्ये चूक उमगल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि ‘देऊस’ हा लॅटिन शब्दच तसाच वापरायला सुरुवात केली. मराठीच्या अभ्यासकाला इथे फादर स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाही. ‘ख्रिस्तपुराण’कारांनी नेमका उलट रस्ता धरला, परमेश्वर, वैकुंठ हे इथलेच शब्द निर्धास्तपणे घेतले.

अन्नाचे शब्द इतक्या वादात न पडता गेले. ‘कास्तेरा’ हा केक कास्तीलचा, ‘कोन्पेइतो’ ही साखरेची काटेरी गोळी पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून. 1569 मध्ये लुईश फ्रोइस या पाद्र्याने ओदा नोबुनागाला काचेच्या बरणीत घालून हीच मिठाई भेट दिली होती. ‘तेम्पुरा’चेही मूळ बहुतेक अभ्यासक पोर्तुगीजच मानतात, मात्र नेमका कोणता शब्द यावर एकमत नाही.

हा फ्रोइस आमच्या मते या कथेतला सर्वांत चांगला वाचक. तोही 1548 मध्ये गोव्यात होता. झेवियर आणि अंजिरो यांना त्याने तिथेच पाहिले. 1585 मध्ये त्याने युरोप आणि जपान यांच्या रीतींतील विरोधांची एक यादी लिहिली. तिच्यात जेवणाला स्वतंत्र प्रकरण आहे. आमचे रोजचे अन्न गव्हाचा पाव, त्यांचे मिठाशिवाय शिजवलेला भात. आम्हांला मासे शिजवलेले किंवा भाजलेले रुचतात, त्यांना कच्चे. आम्ही सगळे हातांनी खातो, ते लहानपणापासून दोन काड्यांनी. हाताने जेवणारे हे ‘आम्ही’ म्हणजे युरोपीय! काटेचमचे तेव्हा युरोपात सर्वत्र पोहोचले नव्हते. पुढे याच युरोपने हाताने जेवण्यावरून आपल्याला रानटी ठरवले. फ्रोइसच्या यादीत कोणी रानटी नाही. एक रीत आहे आणि तिच्यासमोर दुसरी.

व्हालिन्यानो या वरिष्ठाने 1581 मध्ये त्याचे नियमच केले. जेझुइट घरांत जेवण जपानी पद्धतीचे असावे, चहापानाची खोली आणि तिथे कोणीतरी सदैव हजर असावे, डुकरे व बकऱ्या पाळू नयेत. या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच्याच पुढाकाराने चार जपानी मुले युरोपला निघाली. ती 1583 मध्ये गोव्यात पोहोचली आणि परतताना 1587 मध्ये पुन्हा आली. त्यांतल्या हारा मार्तिन्योचे लॅटिन भाषण 1588 मध्ये गोव्यातच छापले गेले. फादर स्टीफन्स त्या काळी गोव्यातच होते. गोव्याच्या पंक्तीला या मुलांनी काय खाल्ले आणि काय बाजूला सारले, हे कोणी लिहून ठेवले असते तर जपानी प्रवाशाच्या परक्या ताटाचा पहिला अध्याय आपल्याच किनाऱ्यावर लिहिला गेला असता.

नंतर चित्र उलटले. 1872 च्या आरंभी मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुना निषेध सुटला. आज अडचण पाहुण्याची आहे. मराठी शाकाहारी माणूस भाजीचे सूप मागतो आणि त्यातल्या ‘दाशी’ला सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. ‘मासे नकोत’ म्हटल्यावर यजमान तुकडे काढून टाकतो, अर्क त्याच्या लेखी मासा नसतोच. शब्द बरोबर असतो, त्याची व्याप्ती वेगळी असते. दाइनिचीचेही हेच झाले होते. बौद्ध मठांतले ‘शोजिन र्योरी’ मागितले तर हा पेच बहुधा सुटतो, कारण तिथे दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची किंवा शिइताके अळंबीची असते.

ज्यांना काहीच मागता येत नाही त्यांच्यासाठी जपानने दुसरी सोय केली. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतल्या मोठ्या दुकानांच्या भोजनगृहांत पदार्थांचे मेणाचे नमुने मांडले जाऊ लागले. 1932 मध्ये इवासाकी ताकिझो याने ओसाकात त्यांचा धंदाच उभा केला. पुढे मेणाच्या जागी प्लास्टिक आले. भूकंपानंतर गर्दी आवरायला काढलेली ही युक्ती; परदेशी प्रवासी तिचा लाभ घेतो तो बोट दाखवून.

बोट दाखवून मात्र दाशीत काय आहे ते कळत नाही.