यदृच्छा आणि यादी

‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘वचन’ असा आहे. मराठीत तो अभयपत्रालाही लागला आणि देवापुढे फुले लावून मिळणाऱ्या उत्तरालाही. या दुसऱ्या अर्थाचा यांत्रिक अवतार इ. स. १९५२ मध्ये मँचेस्टर येथे आढळतो. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी तेथील संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. शब्द यदृच्छेने निवडले जात. वाक्याचे साचे मात्र ठरलेले असत. ॲलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून त्या यंत्रात विद्युत्-गोंगाटापासून यदृच्छ अंक मिळविण्याची सोय केलेली होती. आजचा नवशिका विद्यार्थी पायथॉन भाषेत चार संदेशांची यादी करून त्यांतील एक उमटवितो, तेव्हा अंक गणिती सूत्रातून येतात. बीजांक तोच ठेवल्यास क्रमही तोच येतो.

तात्पर्य, यदृच्छा निवड करते. यादी करीत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मराठीबरोबर गोंडी, तिची माडिया बोली आणि तेलुगू बोलली जाते. यादीत गोंडी वाक्य नसेल, तर आज्ञावली लक्ष वेळा चालवूनही ते उमटणार नाही. निवडीतील समता यादीतील उणीव झाकते; म्हणून परीक्षण प्रथम यादीचेच झाले पाहिजे.