न बोलणाऱ्या चित्रकाराचा बोलपट

वासुदेव गायतोंडे या चित्रकारावर एक माहितीपट निघाला आहे, हे पुष्कळ रसिकांच्या गावीही नसते. सुनील काळदाते यांनी तो १९९५ साली केला. असल्या चित्रपटांना थिएटर कोण देणार? एखाद्या चित्रप्रदर्शनाबरोबर दाखविले गेले तर गेले, एवढेच त्यांचे भाग्य.

गायतोंडे १९२४ साली नागपुरास जन्मले आणि १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्यांनी न्यूयॉर्क पाहिले; पुढे दिल्लीस निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या खोलीत एकटे राहिले. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगांवर रंग चढवायचे, पुन्हा उतरवायचे. वर्षाकाठी चित्रे निघत ती पाच-सहा. १९८४ च्या अपघातानंतर तर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबलेच. लोकांत मिसळणे त्यांना रुचत नसे.

त्यांच्याच पिढीच्या हुसेन यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी स्वतः चित्रपट केला आणि त्याला बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळाले. त्यात राजस्थान होते, छत्री होती, कंदील होता. डोळ्यांना धरायला काहीतरी होते. गायतोंड्यांच्या चित्रात धरायचे काय?

आमच्या आंजर्ल्याच्या शाळेत मी त्यांच्या एका चित्राची छापील प्रत मुलांना दाखविली. एक कोळ्याचा पोर चटकन म्हणाला, ‘‘गुरुजी, ही आषाढातली खाडी!’’ कड्यावरच्या गणपतीपाशी उभे राहून पावसात समुद्र पाहिलेल्या माणसाला हे उत्तर खोटे म्हणवणार नाही. गायतोंड्यांना मात्र ते पटले नसते. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेदेखील त्यांना मान्य नव्हते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ते पसंत करीत. कशाचे तरी चित्र, असा हिशेबच त्यांना नको होता.

म्हणूनच या माहितीपटाचे मोल मला मोठे वाटते. त्यात हा अबोल माणूस थोडे का होईना, बोलतो. चित्राचा अर्थ त्याने सांगावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण त्या चित्रांमागे जगणे कसे होते, ते दिसते. २००१ साली गायतोंडे गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडा मोठ्या टाइपात छापला. तो आकडा आमच्या मुलांना पाठ आहे. माणूस त्यांनी पाहिलेला नाही. गावोगावच्या वाचनालयांनी हा माहितीपट मिळवून एखाद्या संध्याकाळी दाखवावा, एवढेच या दिवाळीला मागणे आहे.