सुरतेची जर : एक अलिखित इतिहास

सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम स्मरतात. त्या काळाच्या खुणा शोधू पाहणारा हौशी अभ्यासक सोळाव्या शतकात खुदावंदखानाने तापीकाठी बांधविलेला किल्ला पाहतो आणि मग युरोपीय दफनभूमींकडे वळतो. १६६४ मध्ये इंग्रज वखारीचा बचाव करणारा जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली मरण पावला. त्याची व त्याचा बंधू ख्रिस्तोफर याची भव्य कबर येथे आहे. डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान रीड याची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हा अधिकारी १६९१ साली निवर्तला. या दोन्ही दफनभूमी आज संरक्षित स्मारके आहेत.

व्यापाऱ्यांच्या कबरींना असे संरक्षण लाभले. कारागिरांच्या कारखान्यांना मात्र ते लाभले नाही. सुरतेच्या जरीचा धंदा मोगल काळापासूनचा मानला जातो. येवल्याच्या पैठणीचा पदर ज्या जरीने झळकतो, तीही प्रामुख्याने सुरतेचीच. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवीत, ती तापवीत आणि उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढीत. ही तार चपटी केली की तिचा बादला होई आणि तो रेशमी धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. विसाव्या शतकात यंत्रे आली, सोन्याचा मुलामा विजेच्या साहाय्याने चढू लागला. पुढे चांदीच्या जागी तांबे आणि त्यानंतर धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टीही आली. प्रत्येक बदलाबरोबर काही हत्यारे निरुपयोगी होऊन भंगारात जातात आणि त्यांची नावेही हळूहळू बोलण्यातून नाहीशी होतात.

हा इतिहास शिलालेखांत सापडणारा नाही. तो तार ओढण्याच्या पट्ट्यांत, यंत्रांवरील निर्मात्यांच्या नावांत, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत आणि वृद्ध कारागिरांच्या स्मरणात आहे. १८३७ ची भीषण आग आणि ऑगस्ट २००६ चा महापूर सोसलेल्या नगरीत कागद टिकणे किती दुष्कर, हे निराळे सांगावयास नको.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एका माणसाच्या ध्यासातून केवढे कार्य उभे राहते, याचा तो दाखला होय. जरीच्या कारखान्यासाठी उत्खननाचीही आवश्यकता नाही. एक वही, एक छायाचित्रक आणि कारागिराशी त्याच्या गुजरातीत बोलण्याची तयारी एवढे पुरे. हत्याराचे नाव, त्याचा उपयोग, ते कोणी घडविले आणि कोणत्या साली बाजूस ठेवले, इतकी नोंद झाली तरी पुढील अभ्यासकास आधार मिळेल. पैठणी जपून ठेवणाऱ्या मराठी समाजाने तिच्या तारेचा इतिहासही जपावा आणि अशा नोंदवह्यांना ग्रंथालयाच्या कपाटात हक्काची जागा मिळावी, हेच उचित होय.