वेधनातील चिखल आणि तेलधारक खडकाची पारगम्यता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

खनिज तेलाच्या इतिहासात 10 जानेवारी 1901 या दिवसाचे वर्णन बहुधा तेलाच्या उंच कारंज्यापुरतेच मर्यादित राहिले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात बोमाँटजवळील स्पिंडलटॉप येथे हॅमिल बंधू चक्री पद्धतीने वेधन करीत होते. सैल वाळूचा थर ढासळू लागल्यावर त्यांनी पाण्याऐवजी चिखलाचा अवलंब केला. डबक्यात गुरे फिरवून हा चिखल तयार केला गेला, असे सांगतात. आपल्याकडील भाताच्या खाचरातील चिखलणीच ती! पोकळ नळातून खाली गेलेला चिखल खडकाचा चुरा घेऊन वर येई आणि आपल्या भाराने विहिरीची भिंत सावरून धरी. 1859 मध्ये ड्रेक यांनी वापरलेल्या आघाती पद्धतीत असा चिखलाचा स्तंभ नसे. त्यामुळे तेलाचा थर लागताच तेल आपण होऊन विहिरीत उतरे.

चिखलाच्या ज्या गुणाला पुढे दोष ठरविण्यात आले, तोच प्रथम त्याचा मुख्य गुण मानला गेला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने 1916 मध्ये लुइस व मॅकमरे यांची चिखलयुक्त द्रवाच्या वापराविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. वाया जाणारा नैसर्गिक वायू रोखण्यासाठी वायूचे थर चिखलाने बंद करावेत, असा तिचा आग्रह होता. मात्र वायूचा थर बंद करणारा चिखल तेलाच्या थराशी निराळे वागणार नव्हता. त्यानंतरच्या दशकात बॅराइट मिसळून चिखल जड करण्यात येऊ लागला व बेंटोनाइटचा वापरही सुरू झाला. विहिरी सुरक्षित झाल्या, कारंजी थांबली. पण खडकावरील दाबही वाढला.

या दाबामुळे चिखलातील सूक्ष्म कण खडकाच्या छिद्रांत शिरतात व छिद्रांना जोडणारे अरुंद मार्ग बुजवितात. भिंतीवर चिखलाचा लेप बसल्यावर कणांना अटकाव होतो, परंतु गाळले गेलेले पाणी आत झिरपतच राहते. वाळूच्या खडकातील काही मृत्तिका गोड्या पाण्याने फुगतात, काहींचे कण सुटून पुढे अडकतात. 1945 मध्ये जॉन्स्टन व बीसन यांनी तेलधारक वाळूंची पारगम्यता खाऱ्या व गोड्या पाण्याने मोजली, तेव्हा गोड्या पाण्याने ती पुष्कळ घटते, हे प्रयोगाने स्पष्ट झाले.

डार्सी यांचा प्रवाहविषयक नियम 1856 पासून उपलब्ध होता. तरीही या हानीचे नेमके मोजमाप होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. याचे कारण केवळ शास्त्राच्या अपुरेपणात शोधणे योग्य ठरणार नाही. वेधन करणाऱ्या कंत्राटदाराला अनेकदा खोदलेल्या फुटांप्रमाणे मोबदला मिळे. विहीर पुढे किती तेल देते, हा त्याचा प्रश्न नव्हता. शिवाय हानी जमिनीच्या पोटात, दृष्टीआड होती. विहिरीने कमी तेल दिले, तर खडकालाच निकृष्ट ठरविणे सोपे होते.

व्यवहारातील लोकांना मात्र याची जाणीव आधीच झाली असावी. 1940 मध्ये डॉवेल कंपनीने बाजारात आणलेल्या हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणाचे नावच ‘मड अ‍ॅसिड’ होते. 1953 मध्ये व्हॅन एव्हरडिंजन आणि हर्स्ट यांनी विहिरीलगतच्या या अतिरिक्त अडथळ्याला ‘स्किन इफेक्ट’ असे नाव देऊन तो गणितात बसविला. 1956 मध्ये हॉकिन्स यांनी त्याचे सुटसुटीत सूत्र मांडले. त्या सूत्रात पुढील आकडे घालून पाहावेत : विहिरीची त्रिज्या 10 सेंटिमीटर, तेल जेथून वाहत येते त्या क्षेत्राची त्रिज्या 200 मीटर, आणि भिंतीलगतच्या अवघ्या 30 सेंटिमीटर खडकाची पारगम्यता मूळच्या एक दशांश. उत्पादन सुमारे 38 टक्क्यांवर येते! 200 मीटरांच्या खडकाचे भवितव्य हातभर जाडीचा थर ठरवितो, कारण सर्व दिशांनी येणारे तेल अखेरीस त्याच चिंचोळ्या वाटेने जाते.

1977 मध्ये एब्राम्स यांनी चिखलाची रचनाच बदलण्याचा मार्ग दाखविला. खडकाच्या मध्यम छिद्राच्या किमान एक तृतीयांश आकाराचे कण पुरेशा प्रमाणात असल्यास ते छिद्राच्या तोंडाशीच कमान धरतात आणि बारीक कणांना आत जाऊ देत नाहीत. तेलधारक थरात शिरताना वापरावयाच्या द्रवांत याच हेतूने कॅल्शियम कार्बोनेटचे मोजून घेतलेले कण घालतात. काम संपल्यावर ते आम्लात विरघळविता येतात. बॅराइटच्या बाबतीत ही सोय नाही.